कुलमुखत्यार एजंट: खोट्या वॉलमार्टमधल्या खरेदीचं प्रकरण

ऑगस्ट २०२५ मध्ये गार्डिओ या इस्रायली सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी परप्लेक्सिटी या एआय कंपनीच्या कॉमेट ब्राउझरला, म्हणजे माणसाच्या वतीनं स्वतःच पानं उघडून कामं उरकणारा एजंट असलेल्या ब्राउझरला, एका ओळीचं काम सांगितलं: एक ॲपल वॉच घेऊन दे. समोर उघडलेलं दुकान दिसायला वॉलमार्टसारखं होतं, पण वॉलमार्टचं नव्हतं. संशोधकांनीच ते लव्हेबल या एआय साधनाकडून काही क्षणांत बनवून घेतलं होतं. नीटनेटकी मांडणी, वस्तूंची खरी वाटतील अशी पानं, चालणारा चेकआउट, सगळं जागच्या जागी.

कॉमेटच्या एजंटनं पानाचा एचटीएमएल, म्हणजे पानामागचा कोड, वाचला, घड्याळ शोधलं, कार्टमध्ये टाकलं आणि चेकआउटला गेला. ब्राउझरमध्ये साठवलेला पत्ता भरला, साठवलेलं क्रेडिट कार्ड भरलं आणि ऑर्डर देऊन टाकली. मध्ये एकदाही ‘भरू का?’ असं विचारलं नाही. सगळा मामला काही सेकंदांचा.

ही चाचणी होती, त्यामुळे कोणाचे पैसे बुडाले नाहीत. तिची एक मर्यादाही सांगायला हवी. खोटं दुकान एजंटनं स्वतः शोधून काढलं नव्हतं, ते आधीच समोर होतं. प्रत्यक्षात माणूस किंवा एजंट अशा दुकानात पोचतो तो सर्चमधल्या पैसे देऊन वर आणलेल्या जाहिरातीवरून, ‘आज शेवटचा दिवस’ छापाच्या मेलमधून किंवा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंकवरून. तो टप्पा या प्रयोगात नाही. पण दारात पोचल्यावर काय होतं, ते मात्र यात अगदी स्वच्छ दिसतं.

आणखी एक गोष्ट अहवालात आहे, जी बातम्यांमध्ये बहुतेक गळून गेली. संशोधकांनी हाच प्रयोग अनेकदा केला आणि निकाल दर वेळी सारखा आला नाही. कधी एजंटला संशय आला आणि त्यानं काम थांबवलं. कधी ‘पैसे तुम्हीच भरा’ म्हणून शेवटची पायरी माणसाकडे सोपवली. आणि कधी बिनदिक्कत शेवटपर्यंत गेला. दुकान तेच, वाक्य तेच. आमच्या मते या प्रकरणातला सगळ्यात गंभीर भाग हाच. कायम चुकणारी यंत्रणा लवकर पकडली जाते आणि बंद होते. दहांतल्या आठ वेळा शहाण्यासारखं वागणारी यंत्रणा विश्वास कमावते आणि उरलेल्या दोन वेळांना तो खर्च करते. (दहा-आठ हे आकडे समजावण्यापुरते, अहवालातले नव्हेत.)

कार्डाला दुकानाचा पत्ता ठाऊक नसतो

‘एजंटला यूआरएल वाचता येत नाही का?’ हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. वाचता येतो. पण एजंटचं काम चालतं ते असं: त्याला एक उद्दिष्ट दिलेलं असतं, पानावरचा मजकूर, बटणं, रकाने आणि कधी कधी पानाचं चित्र त्याच्यापुढे येतं, आणि उद्दिष्टाच्या दिशेनं पुढचं पाऊल कोणतं एवढं तो ठरवतो. ‘घड्याळ घे’ या कामात ‘हे दुकान खरं आहे का’ हा प्रश्नच नाही. माणसाच्या डोक्यात तो न विचारता येतो. लोगो जरा वेगळा वाटला, किंमत फारच कमी दिसली, पत्त्याच्या पट्टीत भलतंच नाव आलं, की हात आखडतो. दुसऱ्या टॅबमध्ये जाऊन माणूस बघून येतो. ही थबकण्याची सवय कोणी शिकवलेली नसते आणि कोणत्याही सूचनेत लिहिलेली नसते. एजंटला काम सोपवताना ती मागेच राहते.

त्याहून खोल कारण ब्राउझरच्या रचनेत आहे. पासवर्ड मॅनेजर पासवर्ड साठवतो तो विशिष्ट डोमेनला बांधून. बँकेच्या पत्त्यातलं एक अक्षर बदललेलं खोटं पान उघडलं तर तो पासवर्ड सुचवतच नाही. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनं लॉगिन करण्याची सोय, याबाबतीत आणखी कडक. पण कार्ड आणि घरचा पत्ता? ते कोणत्याही दुकानात चालावेत म्हणूनच साठवलेले असतात. ब्राउझरच्या लेखी खरं वॉलमार्ट आणि खोटं वॉलमार्ट यांत कार्ड भरण्यापुरता काही फरक नाही. ‘इथं माझं कार्ड द्यायचं’ हा निर्णय रकान्यावर क्लिक करून, यादीतलं कार्ड निवडणाऱ्या माणसाचा होता. म्हणजे कार्डाच्या बाबतीत पहारेकरी एकच, तो म्हणजे माणसाचं बोट. एजंटनं नेमकं तेच बोट बाजूला केलं.

कायद्याच्या भाषेत सांगायचं तर जमिनीच्या एका व्यवहारासाठी विशेष मुखत्यारपत्र करतात. कुलमुखत्यारपत्र देताना माणूस दहादा विचार करतो. साठवलेलं कार्ड, लॉगिन केलेलं जीमेल आणि ‘घेऊन दे’ एवढी मोघम आज्ञा मिळालेला एजंट हा कुलमुखत्यार आहे. तोही स्टॅम्पपेपर न लागता, एका वाक्यात नेमलेला.

फसवणुकीचे दोन वेगळे प्रकार

या विषयावर बोलणारे बहुतेक जण लगेच प्रॉम्प्ट इंजेक्शनकडे, म्हणजे एजंट वाचेल त्या मजकुरात आज्ञा लपवण्याच्या युक्तीकडे, वळतात. वॉलमार्टच्या प्रकरणात प्रॉम्प्ट इंजेक्शन नव्हतंच, हे आधी नोंदवून ठेवू. पानात लपवलेली कोणतीही आज्ञा नव्हती. जुन्या पद्धतीचं साधं बनावट दुकान होतं आणि एजंट त्याला माणसासारखाच फसला. गार्डिओच्या दुसऱ्या चाचणीतही तसंच झालं. वेल्स फार्गो बँकेच्या नावानं, पण प्रोटॉनमेल या कोणालाही मिळणाऱ्या मेलसेवेच्या नव्याकोऱ्या पत्त्यावरून एक मेल पाठवला. मेल तपासायला सांगितलेल्या कॉमेटनं तो बँकेनं सांगितलेलं काम म्हणून धरला, लिंक उघडली आणि फिशिंग पानावर लॉगिन भरायला माणसाला मदतही केली. पाठवणाऱ्याचा पत्ता माणसाच्या नजरेला पडलाच नाही, कारण मेल माणसानं उघडलाच नव्हता. ते फिशिंग पान खरोखरच वापरात होतं आणि गूगल सेफ ब्राउझिंग या धोकादायक पानांच्या यादीत तोवर त्याची नोंद झालेली नव्हती. काळ्या यादीवर विसंबणाऱ्या संरक्षणाची हीच गोची आहे. काही क्षणांत बनलेलं दुकान यादीत यायला कधी कधी काही दिवस लागतात.

दुसरा प्रकार इंजेक्शनचा. त्याचं स्वच्छ उदाहरण ब्रेव्ह ब्राउझरच्या संशोधकांनी त्याच महिन्यात जाहीर केलं, तेही कॉमेटवरच. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या एका प्रतिक्रियेत, स्पॉयलरच्या (क्लिक केल्यावरच उघडणाऱ्या) पडद्यामागे, सूचना लिहून ठेवल्या होत्या. वापरणाऱ्यानं फक्त ‘या पानाचा सारांश सांग’ म्हटलं. एजंट पान वाचता वाचता त्या सूचनांनाच मालकाचा हुकूम समजला. परप्लेक्सिटीच्या खात्याच्या पानावर जाऊन त्यानं ईमेल पत्ता उचलला, ओटीपी मागवला, लॉगिन असलेल्या जीमेलमधून तो ओटीपी वाचला आणि दोन्ही गोष्टी त्याच रेडिट धाग्यावर उत्तर म्हणून टाकल्या. ब्रेव्हनं ही त्रुटी २५ जुलै २०२५ ला कळवली आणि २० ऑगस्टला जाहीर केली. मधल्या काळातली पहिली दुरुस्ती अपुरी निघाली होती.

कारण एकच आणि जुनं आहे. भाषेच्या मॉडेलला मालकाचं बोलणं आणि पानावरचा मजकूर एकाच शब्दप्रवाहात मिळतात. ‘हा हुकूम, ही माहिती’ अशी पक्की भिंत आत कुठंच नाही. खुणा, इशारे आणि प्रशिक्षण यांनी ती उभी करण्याचे प्रयत्न होतात, पण भिंत ती नव्हेच, फार तर पडदा. अँथ्रॉपिक या एआय कंपनीनं ऑगस्ट २०२५ मध्ये क्रोमसाठीचा क्लॉड एजंट मोजक्या लोकांना देताना स्वतःचे आकडे छापले. १२३ चाचण्या, हल्ल्यांचे २९ प्रकार, संरक्षणाशिवाय २३.६ टक्के हल्ले यशस्वी, संरक्षण लावल्यावर ११.२ टक्के. नऊतला एक. आकडे उघड केले हे कौतुकाचं, पण नऊतल्या एका ग्राहकाला गंडवणारा गल्ला कोणी दुकानदार ठेवेल का?

हल्लेखोराच्या बाजूनं पाहिलं तर अर्थशास्त्र उलटं फिरलंय. पूर्वी लाख लोकांना मेल पाठवून शंभर फसायचे, कारण लाख माणसं लाख तऱ्हेची. आता लाख लोक एकच एजंट वापरतात. हल्लेखोर तोच एजंट घरी बसून हजारदा चालवून बघू शकतो आणि फसला की तीच युक्ती बाजारात सोडतो.

काय थांबवू शकलं असतं

पहिला उपाय सुचतो तो खात्रीच्या खिडकीचा: पैसे भरण्याआधी माणसाला विचार. बरोबर आहे, पण खिडकीत काय लिहिलंय यावर सगळं अवलंबून आहे. एजंटनंच पान वाचून ‘वॉलमार्टमधून ॲपल वॉच घेत आहे, पुढे जाऊ?’ असं विचारलं, तर ‘वॉलमार्ट’ हा शब्द आला कुठून? खोट्या पानावरूनच. असल्या खिडकीवर माणूस ‘हो’ दाबणारच. म्हणून डोमेनचं नाव ब्राउझरनं स्वतः, पत्त्याच्या पट्टीतून उचलून दाखवायला हवं, एजंटच्या वाक्यातून नव्हे. आणि दर दोन मिनिटांनी खिडकी आली तर तिसऱ्या वेळी कोणी वाचत नाही, हेही आलंच.

ओपनएआयनं जानेवारी २०२५ मध्ये ऑपरेटर हा आपला ब्राउझर एजंट आणला तेव्हा वेगळा रस्ता धरला. लॉगिन किंवा कार्डाचा रकाना आला की एजंट थांबायचा आणि माणूस ताबा घेऊन स्वतः टाइप करायचा. जरा कटकटीचं, पण ते बोट पुन्हा जागेवर येतं.

आमचा भर मात्र तिसऱ्या दिशेवर आहे, पैशालाच कुंपण घालण्यावर. पोराला वाण्याकडे पाठवताना आपण पाकीट देत नाही. चिठ्ठी आणि मोजके पैसे देतो. पोरगं वाटेत चुकलं तरी नुकसान तेवढ्यापुरतं. पेमेंट उद्योग आता याच वाटेनं चाललाय. मास्टरकार्डनं आणि व्हिसानं एप्रिल २०२५ मध्ये एजंटसाठीच्या टोकनच्या योजना जाहीर केल्या. त्यात एजंटच्या हाती खरा कार्ड क्रमांक जातच नाही, त्या एजंटपुरतं टोकन, म्हणजे कार्डाऐवजी चालणारा पर्यायी क्रमांक, जातं. गूगलनं सप्टेंबर २०२५ मध्ये एजंट पेमेंट्स प्रोटोकॉल, म्हणजे एपी-२, मांडला. त्यात मुखत्यारपत्राचीच कल्पना गणिती, म्हणजे डिजिटल, सहीनं आणली आहे. माणूस हजर असेल तर नेमक्या वस्तू आणि नेमकी रक्कम असलेल्या कार्टवर तो सही करतो. हजर नसेल तर ‘अमुक वस्तू, अमुक किमतीपर्यंत, अमुक वेळेत’ अशा हेतूवर आधीच सही करून ठेवतो. पुढे वाद झाला तर कोणी काय कबूल केलं होतं याचा कागद हाती असतो.

सही मात्र दुकान खरं आहे हे सांगत नाही. खोटा वॉलमार्टवालाही आपल्या किल्लीनं सही करेल. व्यापारी पेमेंट जाळ्यात ओळख पटवून नोंदलेला असेल तेव्हाच त्या सहीला किंमत. उलट बाजूनं दुकानालाही आलेला पाहुणा माणूस, एजंट की चोर हे कळायला हवं. ॲमेझॉननं नोव्हेंबर २०२५ मध्ये परप्लेक्सिटीवर अमेरिकेत दावा लावला त्यातली मुख्य तक्रार हीच, की कॉमेटचा एजंट आपली ओळख न सांगता माणसाच्या वेषात दुकानात फिरतो.

हेच भारतातल्या कार्डावर झालं असतं तर

हा प्रश्न आपल्यासाठी दूरचा नाही. जुलै २०२५ मध्ये एअरटेलनं ग्राहकांना परप्लेक्सिटी प्रोची वर्षभराची वर्गणी फुकट दिली आणि ऑक्टोबरपासून कॉमेट सगळ्यांनाच मोफत झाला.

देशातल्या ऑनलाइन कार्ड व्यवहाराला सहसा ओटीपी लागतो, त्यामुळे एजंट चेकआउटला अडकला असता. ओटीपीची कटकट म्हणून आपण कितीही नावं ठेवली तरी बहुतेक बँकांच्या त्या संदेशात रक्कम आणि व्यापाऱ्याचं नाव असतं, आणि ते पानावरून नव्हे, बँकेकडून येतं. वर म्हटलेली चांगली खात्रीची खिडकी आपल्याकडे एसेमेसच्या रूपात आधीपासून आहे. फक्त ती वाचायला हवी. आणि अनेक बँका तोच ओटीपी ईमेलवरही पाठवतात. ईमेल एजंटच्या हातात असेल तर खिडकीही त्याच्याच हातात. ब्रेव्हच्या प्रयोगाचा आपल्याला लागू होणारा धडा हा.

तरीही एक भोक उरतं. खोट्या दुकानाला तुमची ऑर्डर नकोच असते, कार्डाचा तपशील हवा असतो. तो एकदा रकान्यात पडला की ऑर्डर पुरी झाली काय, न झाली काय. परदेशी व्यापाऱ्याकडे तो तपशील ओटीपीशिवायही चालू शकतो. म्हणून कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर बँकेच्या ॲपमधून बंद ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकानं हे बटण प्रत्येक बँकेला द्यायला लावलंय आणि नव्या कार्डावर ते मुळात बंदच असतं. परदेशी वर्गणीसाठी एकदा चालू करून विसरलेली कार्डं घरोघरी आहेत.

यूपीआयची वाट अधिक आशादायक वाटते. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआय चालवणारी एनपीसीआय, पेमेंट कंपनी रेझरपे आणि ओपनएआय यांनी चॅटजीपीटीतून यूपीआयनं खरेदीचा प्रायोगिक प्रकल्प जाहीर केला. पहिल्या दुकानांमध्ये बिगबास्केट होतं. त्यातल्या रिझर्व्ह पे या यूपीआयच्या सोयीचं तत्त्व असं: ठरावीक रक्कम एका ठरावीक व्यापाऱ्यासाठी आपल्याच खात्यात अडवून ठेवायची, आणि त्या मर्यादेतच त्याला वळती करता येते. बिगबास्केटसाठी २,००० रुपये अडवले असतील तर एजंट कितीही भुलला तरी ते खोट्या वॉलमार्टला देऊ शकत नाही. पैशालाच दुकानाचा पत्ता ठाऊक आहे. कार्डात नेमकं हेच नव्हतं.

नुकसान झाल्यावर जबाबदारी कोणाची, हे अवघड आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाची चौकट अशी: चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कोणाची असेल आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याच्यावर शून्य भार. पण त्यानं स्वतः पेमेंटचा तपशील दुसऱ्याला दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. एजंटला कार्ड देणं म्हणजे ‘दुसऱ्याला देणं’ की स्वतःच्याच साधनातून वापरणं? २०१७ मध्ये हा प्रश्न कोणाच्या मनात असण्याचं कारण नव्हतं.

आज एजंट वापरायचाच असेल तर

खरेदीसाठी ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल काढा. त्यात मेल, नेटबँकिंग, डीमॅट यांतलं काहीही लॉगिन ठेवू नका. ज्या दुकानात घ्यायचं त्याचंच एक लॉगिन. साठवलेली कार्डं सेटिंगमध्ये जाऊन काढून टाका. घरचा पत्ता राहिला तर समजू शकतो, कार्ड नको. ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा बँकेच्या ॲपमधून महिन्याच्या खरेदीएवढी खाली आणा. मग एजंटला चिठ्ठी द्या, मोघम आज्ञा नको. उदाहरणार्थ:

‘फक्त या टॅबमधल्या दुकानात शोध. ५ लिटरचा प्रेशर कुकर, स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा. डिलिव्हरी धरून ३,००० रुपयांच्या आत. विक्रेत्याचं नाव आणि परत करण्याची मुदत लिहून दे. कार्टमध्ये टाकून थांब. पैसे मी भरेन.’

दुकानाचा पत्ता त्या टॅबमध्ये स्वतः टाइप करा. लिंकवरून, जाहिरातीवरून जाऊ नका. आणि ही चिठ्ठी म्हणजे विनंती आहे, कुलूप नव्हे, हे लक्षात असू द्या. ‘थांब’ म्हटल्यावर एजंट बहुतेकदा थांबेल; पण पानावरच्या लपलेल्या मजकुरानं त्याला पुढे ढकललं तर कार्डच नसल्यामुळे तो अडेल. कुलूप ते.

कार्ट तयार झाल्यावर चार गोष्टी स्वतः वाचा: पत्त्याच्या पट्टीतलं डोमेन, विक्रेत्याचं नाव, एकूण रक्कम, डिलिव्हरीचा पत्ता. शेवटची गोष्ट लोक सोडतात, आणि जुना पत्ता राहून गेला तर माल आधीच्या घरी जातो. मग पैसे भरा आणि ओटीपीच्या संदेशातलं व्यापाऱ्याचं नाव दुकानाशी ताडून बघा. पेमेंट गेटवेचं, म्हणजे दुकानासाठी पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीचं, नाव दिसलं तर चालेल, पण अनोळखी परदेशी नाव किंवा वेगळी रक्कम दिसली तर ओटीपी टाकू नका.

तरी फसगत झालीच तर आधी ॲपमधून कार्ड बंद करा, मग १९३० ला फोन, मग बँकेला लेखी तक्रार, तिचा क्रमांक आणि वेळ जपून. एजंटबरोबरचं संभाषण मात्र रागाच्या भरात पुसू नका. तुम्ही काय सांगितलं होतं आणि त्यानं कोणत्या पानावर, कोणत्या क्रमानं काय केलं, हे दोन्ही एकत्र फक्त तिथंच असतं. टॅब बंद करण्याआधी पत्त्याच्या पट्टीसकट स्क्रीनशॉट काढा. बनावट दुकान दुसऱ्या दिवशी उघडेलच असं नाही.